पुरणाच्या शेवंत्या

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास गेला. गंगापूर तालुक्यातल्या आपल्या घरी ती भाकरी थापत होती. एक भाकरी तव्यावर होती, दुसरीचं पीठ परातीत. भाकरी उलटायला ती हात उचलायला गेली आणि हात परातीतच राहिला. "गेला" हा तिचा शब्द. डॉक्टरांच्या कागदावर उजव्या बाजूचा सौम्य अर्धांगवायू असं लिहिलेलं होतं. बोलणं दोन दिवसांत पूर्ववत झालं, पाय दोन आठवड्यांत. हात झाला नाही.

तिच्या एकुलत्या मुलीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरलेलं होतं.

आम्ही भावंडं तिला अक्का म्हणतो. तिच्या गावात लग्नाचं रुखवत म्हटलं की अक्काला बोलावतात. नवरीकडच्या टेबलावर शेवया, कुरडया, सांडगे, साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीची भटजीबुवांची बाहुली, जे काही मांडतात ते पंचवीस-तीस वर्षं तिच्या देखरेखीखाली होत आलं. त्यात एक नेम आहे. टेबलावरचं एक ताट नवरीच्या आईच्या हातचंच हवं. ते बाहेरून करून घेत नाहीत, शेजारणीला द्यायचं नाही, नवरीनं तर हात लावायचाच नाही. इतर मुलींच्या वेळी अक्का त्यांच्या आयांना बसवून ते ताट करवून घेई.

स्वतःच्या ताटाचं तिनं फेब्रुवारीतच ठरवलं होतं. भाचीनं मोबाईलवर केकवरची फुलं दाखवली होती, पाकळी न् पाकळी सुटी असलेली. अक्का म्हणाली, अशी एकवीस फुलं, सगळी खायची. साखरपुड्याला होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी तर आवडलीच. पण मला तुमच्या हातचं रुखवत बघायचंय. लई ऐकलंय."

"बघा की," अक्का म्हणाली होती. "नावं ठेवायला जागा ठेवणार नाय."

मार्चअखेर मी तिला उपचारांसाठी शहरात माझ्याकडे आणलं. क्रांती चौकापासून पायी दहा मिनिटांवर आमचा फ्लॅट आहे. बायको शाळेत शिकवते, मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झालेलो, म्हणून दिवसभर अक्काबरोबर मीच असे. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला स्पंजचा चेंडू दिला होता, रोज दोनशे वेळा दाबायला. दुसऱ्या दिवशी तो खिडकीत दिसला.

"अक्का, चेंडू?"

"लेकरांचं खेळणं हाय ते. दाबून काय निघतंय त्यातून?"

आमच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर केकवरची फुलं शिकवण्याचा क्लास होता. काहीतरी निघेल असं दाबायचं असेल तर हे आहे, असं मी सुचवलं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आम्ही गेलो. शिकवणारी बाई पस्तिशीची, माहेर खुलताबादचं, सासर शहरातलं. मराठी बोलता बोलता दखनीत शिरायची. आठवड्यातून ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी क्लास बंद असे. बाकी रोज दुपारी तीन ते पाच.

पहिल्या दिवशी तिनं साहित्य दाखवलं. प्लॅस्टिकची शंकूच्या आकाराची पिशवी, तिच्या टोकाला बसवायची लोखंडी नोझलं, आणि एक मोठा खिळा, ज्याच्या डोक्यावर दोन रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती. चकतीवर बटरपेपरचा चौकोन चिकटवायचा. उजव्या हातानं पिशवी दाबायची, डाव्या हातानं खिळा फिरवायचा. फूल चकतीवर तयार होतं, मग कागदासकट उचलून ठेवायचं.

"मेंदीचा कोनच की हा," अक्का म्हणाली. "आन् हा खिळा कशाला?"

"फूल घुमता, मावशी. हाथ नहीं घुमता."

अक्काच्या उजव्या हातात पिशवी राहिली, पण क्रीम बाहेर आलं नाही. बाईनं तिचा दंड, मनगट, बोटं तपासली आणि सरळ सांगितलं, "डाव्या हातानं शिका. माझ्याकडे दोघी डावखुऱ्या आहेत, एकदम साफ फूल करतात."

"घरच्या केकला करत असतील," अक्का म्हणाली. "हे लग्नाचं हाय. डाव्या हाताचं टेबलावर मांडू व्हय मी?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी जन्मानं डावखुरा आहे. सहा वर्षांचा होईपर्यंत डाव्या हातानं जेवायचो. आई शेतात असायची, मला जेवायला अक्का बसवायची. ती माझ्या डाव्या बाजूला बसून माझं डावं मनगट जेवण होईपर्यंत धरून ठेवायची. सुटलं की फटका. साधारण एक उन्हाळा हे चाललं. त्यानंतर मी उजव्या हातानं जेवू लागलो, त्याच हातानं लिहू लागलो आणि एकतीस वर्षं त्याच हातानं बातम्या दुरुस्त केल्या. डाव्या हातात वाईट काही नसतं, हे तिला समजावून सांगण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असं मला वाटलं नाही.

तोडगा बाईनं काढला. तिनं ओढणीची पट्टी फाडून अक्काची उजवी बोटं पिशवीभोवती सैलसर बांधली. डावा हात त्यावर ठेवायला सांगितला, नुसता आधाराला. जोर डाव्यानं लागला तरी पिशवी उजव्यात राहील. अक्कानं विचार केला आणि मान्य केलं.

"धरलंय उजव्यानं. डावा नुसता सोबतीला."

आता खिळा फिरवायला हात उरला नाही. तो माझ्याकडे आला.

मी गृहीत धरलं होतं की हे काम सोपं आहे. पहिल्या आठवड्यात गुलाब होता. बाई म्हणाली, खिळा घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवा. मी फिरवला. अक्कानं हात थांबवला.

"उलटं का फिरवतो?"

"तसंच असतं म्हणतात त्या."

"आरतीचं ताट उलटं फिरवतंय का कुणी? लग्नाच्या वस्तूला उलटा फेरा देऊ नये. सुलट फिरव."

मी सुलट फिरवला. पाकळी ताणली जाऊन मधोमध फाटली. दुसरीही. बाई पंधरा वर्षं हे काम करत होती; तिलाही सुलट फिरवून गुलाब येईना. "मेरेकू भी नहीं आता ऐसा. दोन दिवस द्या मला, मावशी," ती म्हणाली. दोन दिवसांनी तिनं करून दाखवला. नोझल चकतीच्या पलीकडच्या कडेला न्यायचं आणि कोपर खांद्याइतकं वर ठेवायचं. अक्काचं उजवं कोपर खांद्याइतकं वर जात नव्हतं. मी घरून दोन जाडजूड शब्दकोश आणले, त्यावर उशी ठेवली, उशीवर तिचं कोपर. पाच दिवसांत गुलाब म्हणता येईल असं एकही फूल झालं नाही. मी रोज वहीत नोंद ठेवत होतो. त्या आठवड्यासमोर शून्य आहे.

"असं फूल नाय का," अक्कानं विचारलं, "ज्याला कुठूनबी फिरवलं तरी चालतं?"

"शेवंती," बाई म्हणाली.

शेवंतीची पाकळी आखूड असते. अर्धचंद्रासारख्या तोंडाच्या नोझलनं बुडाशी दाबायचं, वर ओढायचं, दाब सोडायचा. एक पाकळी. मग खिळा किंचित पुढे. दिशेचा प्रश्न राहिला नाही. मी सुलटच फिरवत होतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा चाळिशीच्या वर गेला आणि लोण्याचं क्रीम एसीतून बाहेर काढलं की पाच मिनिटांत बसू लागलं. मांडवात ते टिकणार नव्हतं. बाईनं दुसरा प्रकार काढला. पांढरा राजमा शिजवून, चाळून, साखरेत आटवून घट्ट गोळा. त्याची फुलं उन्हात वितळत नाहीत. भांडं तिनं समोर ठेवलं तेव्हा अक्कानं डाव्या हातानं झाकण काढलं, बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

"अगं, हे पुरण हाय."

"पुरण चण्याच्या डाळीचं ना, मावशी?"

"डाळ कोणतीबी असू दे. पुरणच हाय. आन् तुझं सैल झालंय. उलथणं उभं कर बरं त्यात."

बाईनं उलथणं उभं केलं. ते सावकाश कलंडलं.

"बघ. अजून दोन वाफा पायजे."

पुढचे तीन दिवस क्लासच्या शेगडीवर अक्का शिकवत होती. हरभऱ्याची डाळ, गुळाऐवजी साखर, म्हणजे रंग पिवळा राहतो. पुरणयंत्रातून काढायचं आणि परत कापडातून, म्हणजे नोझल तुंबत नाही. उलथणं उभं राहिलं की खाली उतरवायचं, त्यानंतर एक मिनिटही नाही. हात माझे आणि बाईचे होते, नजर तिची. शेवंतीचा पिवळा आपोआप आला. बाईनं पाककृती मोबाईलवर लिहून घेतली आणि अक्काला म्हणाली, "मावशी, फीस मैं देती अब तुमकू." अक्का म्हणाली, "दे की. पयले माझं फूल होऊ दे."

पण फूल होत नव्हतं, आणि कारण आता स्पष्ट झालं होतं. तिला दाबता येत होतं, सोडता येत नव्हतं. डाव्याच्या आधारानं उजवी बोटं आवळली जायची, पाकळी उठायची, मग डावा हात सैल झाला तरी उजवी बोटं आवळलेलीच राहायची. पाकळीच्या टोकातून पुरणाचा धागा लोंबत यायचा. फिजिओथेरपीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, झटक्यानंतर हात आधी लुळा असतो, मग ताठ होतो, उघडणं सगळ्यात शेवटी येतं. येईल का, असं मी विचारलं. कोणाकोणाला येतं, असं उत्तर मिळालं.

मी वेगवेगळ्या गोष्टी करून पाहिल्या. धागा तुटावा म्हणून खिळा पटकन खाली घेतला. पाकळी आडवी झाली. ओल्या सुरीनं धागा कापला. शेजारच्या दोन पाकळ्या गेल्या. नोझल बदललं. पुरण आणखी घट्ट केलं. मग दाबताच येईना. प्रत्येक वेळी अक्का म्हणायची, "तू फिरव रे भाऊ. तुझं काम फिरवायचं." खिळा हातात धरून, तिची बोटं उघडण्याची वाट पाहत बसणं, एवढंच माझ्याकडे होतं. काही वेळा ती अर्ध्या मिनिटानं उघडायची, काही वेळा बाई एकेक बोट धरून सोडवायची.

मेच्या पहिल्या रविवारी भाची क्लासवर आली. टेबलावरच्या फुलांना तिनं "झिपऱ्या शेवंत्या" असं नाव दिलं. अक्काही हसली. मग भाचीनं सहज दुसरी पिशवी घेतली आणि बाईकडे पाहत पाहत खिळ्यावर शेवंती केली. पंधरा मिनिटं लागली. तीन थर, प्रत्येक पाकळी सुटी, टोकं आत वळलेली.

अक्कानं खिळा डाव्या हातात घेऊन फूल सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पुसून टाक."

"आई, मी करते ना एकवीस. कुणाला कळतंय?"

"नवरी स्वतःचं रुखवत करती व्हय? पुसून टाक म्हणलं ना."

भाचीनं ते पुसलं नाही. तोंडात टाकलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात अक्काच्या जावेचा गावाहून फोन आला. शहरात रुखवत भाड्यानं मिळतं, सगळं तयार, टेबलासकट, तर उगाच जिवाला त्रास कशाला. अक्का म्हणाली, "मग नवरीबी भाड्यानं आणा. ती तरी कशाला दमवायची." बाईनंही विचारलं, मी करून देऊ का. तिला अक्कानं हळू सांगितलं, "तुझ्या लेकीच्या वेळी तू कर."

वहीतल्या नोंदी अशा आहेत: मेचा पहिला आठवडा, एक फूल चालण्याजोगं. दुसरा, दोन. तिसरा, पाच. एका बैठकीत जास्तीत जास्त तीन. त्यानंतर हात ताठ व्हायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचा नाही. एकवीस फुलांना सात दिवस लागले असते. पुरणाचं फूल उन्हाळ्यात दीड दिवस टिकतं, मग आंबतं. फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलं की घाम सुटून पाकळ्या बसायच्या. तो प्रयोग आम्ही दोनदा केला. हा हिशेब मी तिला सांगितला नाही. तिनं तो केलेला होता. जीपनं गावी निघताना म्हणाली, "एकवीस नाय झाली तर अकरा करू."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला आम्ही घराच्या मागच्या खोलीत बसलो. पुढच्या अंगणात हळद चालू होती. पुरण सकाळीच अक्काच्या नजरेखाली झालं होतं, उलथणं उभं राहिलं होतं. बोटं मी बांधली. शब्दकोश मी शहरातून आणले होते, उशी घरचीच.

पहिली शेवंती झाली. तेवीस पाकळ्या, दोन ठिकाणी धागा, तो लपला. दुसरी तिच्यापेक्षा बरी. तिसरी सर्वांत चांगली. अंगणातून बायकांचा आवाज येत होता, कोणीतरी अक्काला हाक मारत होतं. चौथ्या फुलाच्या सहाव्या पाकळीला बोटं आवळली ती उघडली नाहीत. पुरण नोझलमधून येत राहिलं, फुलावरून खिळ्यावर आणि माझ्या हातावर. मी पट्टी सोडली. एकेक बोट सरळ करायचा प्रयत्न केला. अंगठा सुटला, बाकीची चार सुटली नाहीत. कोमट पाण्याचं पातेलं आणून हात त्यात ठेवला. वीस मिनिटं. पाणी पिवळं झालं. बोटं तशीच.

"तू कर," ती म्हणाली.

"मी?"

"भावानं केलं तर आईच्या बाजूचंच हाय. कर."

सात आठवडे मी रोज क्लासच्या खोलीत बसलो होतो आणि पिशवी एकदाही दाबली नव्हती. मी दुसरी पिशवी भरली आणि दोन शेवंत्या केल्या. अक्कानं त्या पाहिल्या.

"ही भजी झाली," ती म्हणाली. थोडं हसली. मग हसणं थांबलं.

साडेतीन वाजले होते. तिचा डावा हात मांडीवर होता, मोकळा. तो मी सात आठवडे पाहत होतो. त्याला दाबता येत होतं आणि सोडताही येत होतं.

"अक्का, डाव्यानं कर. दार लावतो मी. कुणाला दिसणार नाही."

"दार लावलं तर मला दिसायचं नाय का?"

मी हातावरचं पुरण पुसू लागलो.

"तुला किती मारलंय मी त्यापायी," ती म्हणाली.

अंगणातून पुन्हा हाक आली. तिनं पदरानं उजवा हात पुसला, आवळलेला होता तसाच, आणि हळदीला गेली.

लग्न दुसऱ्या दिवशी गंगापूरच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं, बारा पस्तीसचा मुहूर्त. रुखवत दहा वाजता मांडून झालं. जावेनं आणि शेजारणींनी बाकीचं सगळं केलं होतं, तुळशीवृंदावनासकट. अक्काचं ताट मधोमध होतं. स्टीलचं मोठं ताट, एकवीस फुलांसाठी घासून ठेवलेलं, त्यात मधे तीन शेवंत्या. जावेनं रिकाम्या जागेत खऱ्या फुलांच्या पाकळ्या पसरायचं सुचवलं. अक्का नको म्हणाली. ती टेबलाशेजारी खुर्चीवर बसली, उजवा हात पदराखाली.

सव्वाअकराला वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला येणार असा निरोप आला. त्याच वेळी दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, मला फाटकावर पाठवलं. बर्फाचा टेम्पो चुकून पुढच्या कार्यालयात गेला होता. मी परत आलो तेव्हा अकरा पन्नास झाले होते. टेबलापाशी कोणी नव्हतं. अक्का खुर्चीवरच होती.

"विहीणबाई आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सावलीत खुर्च्या मिळाल्या का बघ जरा."

मी नंतर दोघींना विचारलं. जाऊ म्हणाली, विहीणबाई ताटापाशी बराच वेळ थांबल्या, वाकून पाहिलं, "हे तुमच्या हातचं का" असं विचारलं, आणि अक्कानं होकारार्थी मान हलवली. भाचीच्या मैत्रिणीच्या सांगण्यानुसार त्या फोनवर बोलत आल्या आणि बोलतच पुढे गेल्या. दोघी टेबलापासून साधारण सारख्याच अंतरावर होत्या. विहीणबाईंना मी विचारू शकलो नाही.

चार वाजता, पाठवणीच्या आधी, टेबल आवरलं. ताट मी उचललं. त्यात दोन शेवंत्या होत्या. दोन्हींवर वरून कडक पापुद्रा आला होता, आंबल्या नव्हत्या. तिसरीच्या जागी बटरपेपरचा चौकोन होता, त्यावर पिवळा गोल डाग. ती कोणी उचलली, याची खात्री झालेली नाही. भाचीनं घेतली नव्हती. मी तिला विचारलं होतं.